इकॉलॉजीचा पेपर जर्नलला पाठवताय? या चुका टाळा

मराठवाड्यातल्या कॉलेजांमध्ये तलाव, धरणं, माळरानं, गायरानं यांवर काम करणाऱ्यांची कमी नाही. पहाटे उठून पक्षी मोजणारे आहेत, भर उन्हात क्वाड्रॅट (ठरावीक मापाची चौकट) टाकून गवत मोजणारे आहेत. पण पेपर पाठवला की आठवड्याभरात परत येतो आणि सगळं खापर इंग्रजीवर फोडलं जातं. इंग्रजी सुधारून घेता येतं, तेवढ्यासाठी चांगला डेटा संपादक सहसा सोडत नाहीत. फिल्डवर नेमकं काय केलं ते पेपरात उतरलेलं नसतं, घोडं तिथे अडतं. म्हणून इथे मेथड्सवर (काम कसं केलं ते सांगणाऱ्या भागावर) जास्त लिहितोय, बाकीचं झटपट.

जर्नल शेवटी शोधणं

पेपर लिहून झाल्यावर 'आता कुठे पाठवू?' असं विचारत फिरणारे बरेच भेटतात. जर्नल आधी ठरवा आणि त्यात गेल्या दोन वर्षांत आलेले चार-पाच पेपर वाचा. नुसत्या प्रजातींच्या याद्या ते जर्नल छापत नसेल तर तुमची यादी कितीही चांगली असली तरी ती रिव्ह्यूअरपर्यंत (पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञापर्यंत) जाणारच नाही. यादीसाठी वेगळी जर्नल्स आहेत, आणि तिथे छापणं कमीपणाचं नाही. १८८६ पासून निघणाऱ्या बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) जर्नलमधल्या जुन्या नोंदी अजूनही अभ्यासकांच्या कामी येतात.

'तीन दिवसांत पब्लिकेशन, सर्टिफिकेटसह' असे मेसेज ग्रुपवर येतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. यूजीसीने मान्य जर्नल्सची केअर यादी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे 'यादीत आहे ना, मग झालं' ही पळवाटही उरली नाही. जर्नलच्या पानावर स्कोपस या संशोधन-डेटाबेसचा लोगो दिसला म्हणून भुलू नका, स्कोपसच्या स्वतःच्या यादीत जाऊन नाव आणि आयएसएसएन (जर्नलचा ओळख क्रमांक) जुळवून बघा. संपादक मंडळातल्या दोघा-तिघांच्या विद्यापीठाच्या पानावर त्या जर्नलचा उल्लेख आहे का, तेही पाहा. आणि एकच पेपर एकाच वेळी दोन जर्नलना पाठवायचा नाही. उघड झालं तर दोन्हीकडून जातो.

शीर्षकात गाव आहे, प्रश्न नाही

'अमुक तलावातील पक्षीवैविध्याचा अभ्यास' या शीर्षकाचे पेपर ढिगाने येतात. त्या तलावाशी संबंध नसलेल्या वाचकाने तो का वाचावा, याचं उत्तर पहिल्या पानावर हवं. आणि तशी उत्तरं आपल्याकडे आहेत. पैठणजवळचा जायकवाडी धरणाचा नाथसागर जलाशय पसरट आणि उथळ आहे. पाणी थोडं उतरलं तरी काठाचा मोठा चिखलपट्टा उघडा पडतो, आणि किती उतरेल ते दरवर्षी वेगळं. उघडा चिखल वाढला की चिखलपक्षी वाढतात, की एका मर्यादेनंतर कमी होतात? असा प्रश्न घेतला तर पैठणचं काम इतर देशांतल्या जलाशयांवर काम करणाऱ्यालाही वाचावंसं वाटेल. गाव राहू द्या, पण ते अभ्यासक्षेत्राच्या परिच्छेदात.

थिसिसचं प्रकरण उचलून पेपर म्हणून पाठवलं की हाच घोळ होतो. थिसिसमध्ये गोदावरी खोऱ्याचा इतिहास चार पानं चालतो. पेपरात प्रस्तावनेच्या शेवटच्या परिच्छेदापर्यंत प्रश्न आला नाही, तर संपादक पुढे वाचत नाही.

मेथड्स : इथे सगळ्यात जास्त पेपर पडतात

आधी नमुन्यांची मोजणी. समजा एका बाजूला चराई असलेलं गायरान घेतलं, दुसऱ्या बाजूला कुंपण घातलेलं वनखात्याचं कुरण, आणि दोन्हीकडे तीस-तीस क्वाड्रॅट टाकले. पेपरात लिहिलं जातं, 'एन (नमुन्यांची संख्या) बरोबर ३०.' पण प्रश्न चराईच्या परिणामाचा असेल तर चराई असलेली जागा एकच आहे आणि नसलेलीही एकच. गवतातला फरक मातीमुळे असेल, उतारामुळे असेल किंवा जवळच्या विहिरीमुळे. एकाच जागेतले नमुने स्वतंत्र जागांसारखे मोजणं, याला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये 'इकॉलॉजिकल मोनोग्राफ्स'मध्ये यावर लिहिलं, तेव्हापासून रिव्ह्यूअर हे हमखास धरतात. काम सुरू व्हायचं असेल तर उपाय सोपा आहे. सहा-सहा जागा घ्या आणि प्रत्येक ठिकाणी पाचच क्वाड्रॅट टाका, मेहनत तेवढीच. डेटा गोळा झालेला असेल तर मिक्स्ड मॉडेल (जागांमधला फरक वेगळा काढणारं सांख्यिकी मॉडेल) लावूनही हे निभत नाही, कारण प्रत्येक बाजूला जागाच एक आहे. मग दावा लहान करा. 'या दोन जागांत असा फरक आढळला' एवढंच लिहा, 'चराईमुळे' हा शब्द काढा. लहान दाव्याचा पेपर छापून येतो, मोठ्या दाव्याचा परत येतो.

दुसरी गोष्ट खास आपल्याकडची आहे, कोरडा तलाव. पाझर तलावावर तीन फेऱ्या झाल्या. जानेवारीत चाळीस पक्षी, मार्चमध्ये वीस, मेमध्ये तलाव ठणठणीत. एक्सेलमध्ये मेचा रकाना रिकामा ठेवला तर सरासरी ३० येते, शून्य लिहिलं तर २०. दोन्ही आकडे एकाच तलावाचे. मेमध्ये तुम्ही प्रत्यक्ष गेला होता, पाणी नव्हतं, पक्षी नव्हते, तर ते शून्य आहे आणि शून्यच लिहायचं. परीक्षेच्या गडबडीत जाणं झालंच नाही, तर रकाना रिकामा ठेवायचा. आणि यातलं काय केलं ते मेथड्समध्ये एका ओळीत सांगायचं. फिल्डबुकातच 'गेलो, कोरडा, ०' आणि 'गेलो नाही' असं वेगवेगळं लिहिलं की वर्षभराने डोकं खाजवावं लागत नाही.

तिसरी गोष्ट पावसाची. दोन वर्षांचा डेटा घेऊन 'वार्षिक चढउतार' लिहिला जातो. २०१५ चा पावसाळा कोरडा गेला, एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, आणि त्याच २०१६ च्या पावसाळ्यात पाऊस चांगला झाला. या दोन वर्षांची तुलना छापायला हरकत नाही, पण ती वर्षं कशी होती हे परदेशातल्या रिव्ह्यूअरला कसं कळणार? जवळच्या केंद्रावरचा त्या वर्षांचा पाऊस आणि दीर्घकालीन सरासरी शेजारी शेजारी द्या. हे न देता 'पक्षी कमी झाले' असं लिहिलं तर तुम्ही दुष्काळ मोजलात की ऱ्हास, हे कुणालाच कळत नाही.

आता अक्षांश-रेखांश. जीपीएसवर पैठणचं अक्षांश १९ अंश २९ मिनिटं दिसतं, आणि पेपरात ते '१९.२९' होऊन बसतं. एका अंशात ६० मिनिटं, म्हणून २९ मिनिटं म्हणजे दशांशात ०.४८. म्हणजे तुमचं ठिकाण सुमारे २१ किलोमीटर दक्षिणेला सरकलं आणि नकाशावर धरणाऐवजी गोदावरीपलीकडचं शिवार आलं. रिव्ह्यूअर हल्ली तो आकडा सरळ गूगल अर्थमध्ये टाकून बघतात.

फेरीची वेळ, निरीक्षक किती, दुर्बीण की स्कोप, एका जागी किती मिनिटं थांबलात, हे सगळं लिहा. दिसला नाही म्हणजे नव्हता असं होत नाही, गवतात दबून बसणाऱ्या लाव्यांसारख्या पक्ष्यांच्या बाबतीत तर नाहीच.

आकडे

शॅनन इंडेक्स (प्रजातींचं वैविध्य मोजणारा आकडा) बहुतेक पेपरांत असतो, लॉगचा पाया क्वचित दिलेला असतो. दहा प्रजाती समसमान संख्येने असतील तर नॅचरल लॉगने इंडेक्स २.३० येतो, पाया २ घेतला तर ३.३२ आणि पाया १० घेतला तर १.००. कुणी आपला ३.३२ दुसऱ्याच्या २.३० शेजारी ठेवून 'आमचा तलाव अधिक समृद्ध' असं लिहिलं की चर्चेचा अख्खा परिच्छेद कोसळतो. दोन ठिकाणी मेहनत कमी-जास्त झाली असेल तर प्रजातींची संख्या थेट ताडू नका, रेअरफॅक्शन (दोन्हीकडची संख्या समान नमुन्यावर आणून ताडणं) करून घ्या.

एसपीएसएस या सांख्यिकी सॉफ्टवेअरमधून आलेलं 'पी = ०.०००' तसंच चिकटवू नका. ते '०.००१ पेक्षा कमी' असं लिहायचं, सोबत टेस्टचं मूल्य आणि डिग्रीज ऑफ फ्रीडम द्यायचे. आलेखावरची रेघ स्टँडर्ड डेव्हिएशनची की एररची, तेही खाली लिहा.

डेटा जपून ठेवा, नीट नावं देऊन. ब्रिटिश इकॉलॉजिकल सोसायटीच्या जर्नल्सनी २०१४ पासून डेटा सार्वजनिक भांडारात ठेवणं बंधनकारक केलं आहे आणि इतरांचीही चाल तीच आहे. पेपर स्वीकारला गेल्यावर 'फाईल जुन्या लॅपटॉपमध्ये होती' हे चालत नाही.

नावं आणि परवानग्या

बाभळीला अजून 'अकेशिया निलोटिका' लिहिलं जातं. आता ती 'व्हॅचेलिया निलोटिका'. नावं पाठवण्याच्या आठवड्यात पुन्हा तपासा, कुठली यादी प्रमाण मानली ते लिहा, आणि वर्डचं ऑटोकरेक्ट बंद करा, ते प्रजातींची नावं गुपचूप बदलतं.

जायकवाडी, गौताळा, नायगाव ही अभयारण्यं आहेत. तिथे संशोधनासाठी वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि जर्नल तिचा क्रमांक मागू शकतं. काम संपल्यावर मागच्या तारखेची परवानगी मिळत नाही. नमुने परदेशी प्रयोगशाळेत जाणार असतील तर जैवविविधता कायदा, २००२ सुद्धा आधी वाचा.

लेखकांची यादीही आधीच ठरवा. गाईड सरांनी काम पाहिलं असेल, मॉडेल सुचवलं असेल तर त्यांचं नाव येणारच. विभागप्रमुख आहेत म्हणून नाव घालायचं, ही आपल्याकडची जुनी रीत आहे, आणि 'प्रत्येक लेखकाने काय केलं ते लिहा' हा रकाना भरताना ती उघडी पडते. सरांना नाही म्हणणं अवघड असतं हे मान्य. पण जर्नलचा तो रकानाच पुढे करता येतो, 'सर, इथे काय भरू?' असं विचारून.

सबमिशनच्या दिवशी

पोर्टलवर अडलात तर बहुधा कारण यांतलं एक असतं. ओळींना क्रमांक नाहीत. आकृत्या वर्डमध्येच चिकटवल्यात आणि ३०० डीपीआयपेक्षा कमी आहेत. नकाशावरची मराठी अक्षरं पीडीएफमध्ये चौकोन झालीत. ओळख लपवून पाठवायचं आहे, पण लेखकाचं नाव फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये राहिलं. कव्हर लेटरमध्ये मागच्या जर्नलचं नाव तसंच आहे. हे शेवटचं संपादकाने पाहिलं की पेपर आधी कुठून परत आला ते सांगावं लागत नाही. पोर्टल जी पीडीएफ तयार करतं ती 'सबमिट' दाबण्याआधी पूर्ण उघडून वाचा. 'रिटर्न्ड टू ऑथर' असा मेल आला तर घाबरू नका, तो बहुतेकदा रिजेक्ट नसतो, कागद अपुरे असल्याचा निरोप असतो.

'मेजर रिव्हिजन' (मोठे बदल करून परत पाठवा) आली की काहीजण फाईल बंद करून टाकतात. ती बातमी चांगली असते. रिव्ह्यूअरचा प्रत्येक मुद्दा जसाच्या तसा उतरवा आणि खाली उत्तर लिहा. 'बदल केला आहे' एवढ्याने भागत नाही. 'मे महिन्यातील शून्य नोंदींचा खुलासा ओळ १४२ ते १४६ मध्ये जोडला' असं लिहा. मुद्दा पटला नाही तर तसं सांगा, कारण देऊन, राग न आणता. तीन महिने काहीच हालचाल नसेल तर संपादकांना दोन ओळींचा नम्र मेल टाकायला हरकत नाही, दर आठवड्याला मात्र नको.

प्रूफ (छपाईआधी तपासायची प्रत) आलं की मुदत बहुधा दोन-तीन दिवसांचीच असते. तक्ते, प्रजातींची नावं आणि संस्थेचा पत्ता आधी बघा. पत्त्यात एकाने औरंगाबाद आणि दुसऱ्याने छत्रपती संभाजीनगर लिहिलं, किंवा उस्मानाबाद आणि धाराशिव दोन्ही आले, तर डेटाबेसमध्ये एकाच कॉलेजच्या दोन संस्था होतात. सगळ्या लेखकांचा पत्ता एकाच पद्धतीने लिहा, आणि अभ्यासक्षेत्रात जुनं नाव एकदा द्या, म्हणजे जुने पेपर शोधणाऱ्याला तुमचाही सापडेल.