पांढरा घुमट राखाडी का होतो? एचडीआर फोटो काढताना या चुका टाळा

नागपूरच्या दीक्षाभूमीचा स्तूप मी पहिल्यांदा एचडीआरमध्ये काढला, म्हणजे कमी-जास्त उजेडाच्या अनेक फ्रेम जोडून एक फोटो केला, तेव्हा स्वतःवरच खूश होतो. भर दुपारचं ऊन, तरी ढगांची घडी न् घडी दिसत होती आणि दारातला काळोखही उजळला होता. मित्राला दाखवला. तो म्हणाला, "काहून बे, स्तूपाला सिमेंट लावून राहिले का?" नीट बघितलं तर घुमट खरंच राखाडी झाला होता आणि त्याच्याभोवती आकाशात काळसर कडं उमटलं होतं.

अर्ध्या चुका मी एडिटिंगमध्ये केल्या होत्या. उरलेल्या अर्ध्या शटर दाबण्याआधीच्या होत्या, आणि त्या नंतर निस्तरता येत नाहीत.

पहिली चूक, गरज नसताना एचडीआर. सकाळी सूर्य पाठीशी ठेवून स्तूप काढायचा असेल तर एक रॉ फाइल (सेन्सरची माहिती जशीच्या तशी ठेवणारी) पुरते. आजचे चांगले सेन्सर कमी आयएसओवर (सेन्सरची संवेदनशीलता) १२ ते १४ स्टॉपची रेंज, म्हणजे गडद ते उजळ असा उजेडाचा पल्ला, पकडतात, आणि एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट. रामटेकच्या गडावर दरवाजाच्या काळोखातून पलीकडचं ऊन दाखवायचं असेल किंवा फुटाळा तलावावर मावळता सूर्यच फ्रेममध्ये असेल, तेव्हा मात्र एका फाइलमध्ये भागत नाही.

ब्रॅकेटिंग डोळे मिटून

ब्रॅकेटिंग म्हणजे एकच दृश्य गडद, मधलं आणि उजळ असं लागोपाठ काढणं. मी अधिक-उणे १ स्टॉपच्या तीन फ्रेम घेतल्या होत्या. यानं रेंज फक्त दोन स्टॉपनी वाढते, एवढ्यासाठी तीन फोटो काढायची हौस कशाला? अधिक-उणे २ ठेवलं तर चार स्टॉप मिळतात. तरी आकड्यावर भरवसा नको, हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख (डावीकडे गडद, उजवीकडे उजळ), बघा. सर्वांत गडद फ्रेममध्ये आलेख उजव्या भिंतीला टेकता कामा नये आणि सर्वांत उजळ फ्रेममध्ये डाव्या. टेकत असेल तर पाच फ्रेम घ्या. रॉमध्ये काढत असलात तरी कॅमेरा तो आलेख जेपेग प्रिव्ह्यूवरून बनवतो, म्हणून तो थोडा पुढे-मागे असतो हे लक्षात ठेवा.

सेटिंगचं थोडक्यात सांगतो. फ्रेममधला फरक फक्त शटर स्पीडनं पडला पाहिजे. ॲपर्चर (लेन्समधलं भोक) बदललं की फोकसची खोली बदलते आणि कडा जुळत नाहीत. ऑटो आयएसओ बंद, फोकस मॅन्युअलवर. जेपेगमध्ये काढत असाल तर व्हाइट बॅलन्सही बांधून टाका, नाहीतर तीन फ्रेमचे तीन रंग.

ट्रायपॉड असेल तर उत्तम, पण नागपूरच्या मे महिन्यात काळा ट्रायपॉड दुपारी हातात धरवत नाही. त्या दिवसांत आणखी एक भानगड होते. डांबरावरची हवा थरथरते, लांबच्या इमारतींच्या कडा प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी येतात आणि जोडलेला फोटो धूसर दिसतो. लोक लेन्सला दोष देतात. हवाच हलत असेल तर फ्रेम आपोआप जुळवणारं ऑटो अलाइनही काही करू शकत नाही. पहाटे जा.

भुतं

दसऱ्याच्या सुमाराला दीक्षाभूमीवर लाखोंची गर्दी असते, वर फडकणारे झेंडे. अशा ठिकाणी तीन फ्रेम जोडल्या की एका माणसाची तीन अर्धपारदर्शक माणसं होतात. याला घोस्टिंग म्हणतात. लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ही भुतं घालवणाऱ्या डीघोस्टचे चार पर्याय आहेत आणि बहुतेक जण थेट सर्वांत वरचा निवडतात. तिथेच गडबड होते. डीघोस्ट केलेल्या भागात सॉफ्टवेअर एकाच फ्रेममधली माहिती उचलतं. ती गडद फ्रेम निघाली तर त्या जागी दाणे दिसतात. सर्वांत खालच्या पातळीपासून सुरुवात करा, भूत गेलं की थांबा. गर्दीच मुख्य विषय असेल तर माझं मत सरळ आहे, एचडीआर सोडा, एक रॉ काढा.

फुटाळ्याच्या लाटांचंही तसंच. पाणी एका फ्रेममधून आणि आकाश दुसऱ्या फ्रेममधून घेऊन हातानं मास्क केलं, म्हणजे हवा तेवढाच भाग निवडून जोडला, तर जास्त सुबक दिसतं. हे काही नवीन नाही. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव ल ग्रे यांनी १८५० च्या दशकात समुद्र आणि आकाश वेगवेगळ्या निगेटिव्हवरून एकाच फोटोत जोडले होते.

सूर्याची तबकडी वाचवायला जाऊ नका. फार खाली ओढली की ती राखाडी थाळी होते. तिला जळू द्या. आणि ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे टक लावून बघू नका.

राखाडी घुमट, काळं कडं

घुमट राखाडी दिसला तर आधी फोटो झूम करून बघा. पृष्ठभागाचा पोत दिसतो का? दिसत नसेल तर गडद फ्रेममध्येच पांढरा जळाला होता. त्यात उतरवायला काही उरलेलं नसतं, हायलाइट, म्हणजे उजळ भाग, खाली ओढले की नुसता सपाट करडा रंग मिळतो. पोत दिसत असेल तर चूक टोन मॅपिंगची, म्हणजे मोठी रेंज स्क्रीनवर मावेल इतकी दाबण्याची. हायलाइट उणे शंभर, शॅडो अधिक शंभर, मध्ये सगळं सारख्याच उजेडाचं. मी तेच केलं होतं. आता हायलाइट निम्म्यावर आणतो, व्हाइट्स वर नेतो आणि ब्लॅक्स खाली. दारात काळोख असतो, तर फोटोतही थोडा असू द्यावा.

कडं कसं येतं? क्लॅरिटी (उठाव वाढवणारा स्लायडर) किंवा टोन मॅपिंग प्रत्येक ठिपक्याची तुलना त्याच्या शेजारच्या सरासरी उजेडाशी करतं. उन्हातल्या पांढऱ्या घुमटाशेजारी निळं आकाश तुलनेनं गडद ठरतं, म्हणून ते आणखी गडद केलं जातं. गडद झाडामागे आकाश असेल तर उलट, पांढरट कडं. उपाय म्हणजे क्लॅरिटी कमी करा, किंवा ती मास्कनं फक्त इमारतीपुरती ठेवा. सॅच्युरेशनला तर हातच लावू नका, रेंज दाबली की रंग आपोआप भडक होतात. संत्र्याचा ढीग चालेल, आकाश संत्र्याच्या सालीसारखं नको.

फोनवर काढत असाल तर फोन स्वतःच अनेक फ्रेम जोडून देतो. त्यावर पुन्हा ॲपचा एचडीआर फिल्टर लावला की कडं दुप्पट होतं.

त्या पहिल्या स्तूपाच्या तीन रॉ फाइल माझ्याकडे अजून आहेत. परवा पुन्हा जोडल्या. कडं गेलं, घुमट पांढरा झाला. दारातला काळोख मात्र उजळला की दाणेदार दिसतो. उजळ फ्रेम तिथपर्यंत पोचलीच नव्हती.