रेडॉनचं यंत्र हलवलंत? आधी रीसेट दाबा

ही यादी आमच्या घरच्या गोंधळातून तयार झाली आहे, त्यामुळे तिच्यात एकच गोष्ट चार-पाच वेळा आली तर कुरकुर करू नका. रेडॉन म्हणजे जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सारी वायू. तो मोजायचं हातात मावणारं, बॅटरीवर चालणारं यंत्र एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेलंत की ते रीसेट करा. आधीचा हिशेब पुसून टाका. मी पुसला नव्हता.

आमचं घर न्यू जर्सीत, खाली तळघर. यंत्र फेब्रुवारीपासून वर बेडरूममध्ये कपाटावर पडून होतं. सरासरी १.१ पिकोक्युरी प्रति लिटर (अमेरिकेत रेडॉन याच एककात मोजतात, धोक्याची रेघ ४), म्हणजे चिंता नाही. ऑक्टोबरमध्ये आई-बाबा दिवाळीसाठी साताऱ्याहून येणार होते. तळघरात वेगळी बाथरूम आहे, म्हणून त्यांची खोली तिथेच केली. यंत्र खाली नेऊन ठेवलं आणि आपण किती काळजी घेतो याचं स्वतःशीच कौतुक केलं. यंत्राचा पडदा दर आठवड्याला बघत होतो: १.३, १.५, १.९. बरं चाललंय! फराळाला आलेल्या मित्रानं यंत्र सहज हातात घेतलं, बाजूचं बटण दाबलं आणि विचारलं, ‘‘सात दिवसांची सरासरी ७.३ दिसतेय. हे रीसेट कधी केलंस?’’

आठ महिन्यांचे २४० दिवस वरच्या मजल्यावरचे १.१ नं, त्यात ३५ दिवस तळघरातले ७.३ नं. करा भागाकार. १.९ येतो. यंत्र खोटं बोलत नव्हतं, दोन खोल्यांची खिचडी करून सांगत होतं. आणि त्या पाच आठवड्यांत आई-बाबा खाली झोपत होते.

रेडॉनबद्दल दोनच ओळी, कारण पुढचं त्यावर अवलंबून आहे. जमिनीतल्या युरेनियमपासून रेडियम, रेडियमपासून हा वायू. रंग नाही, वास नाही, ३.८ दिवसांत निम्मा विरतो. थंडीत घरातली गरम हवा वर चढते, खाली ओढ तयार होते आणि घर फरशीच्या भेगांतून, सांडपाण्याच्या खड्ड्यातून, पाइपांभोवतीच्या फटींतून मातीतली हवा शोषून घेतं. श्वासाबरोबर तो आणि त्यापासून बनणारे कण फुप्फुसात जातात. अमेरिकेत वर्षाला सुमारे २१,००० फुप्फुसांच्या कर्करोगाचे मृत्यू रेडॉनमुळे होतात असा तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज आहे. सिगारेट न ओढणाऱ्यांत हेच पहिलं कारण. आपल्याकडच्या माणसाला हे पटत नाही, कारण दारं-खिडक्या सताड उघड्या असलेल्या घरात वाढलो, तळघर म्हणजे बँकेची तिजोरी एवढंच माहीत. इथे पेनसिल्व्हेनियातून न्यू जर्सीवरून न्यूयॉर्ककडे जाणारा खडकांचा पट्टाच असा आहे. १९८४च्या डिसेंबरात पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्रातला इंजिनिअर स्टॅनली वॉट्रस कामावर आला की किरणोत्साराची घंटा वाजायची. कामावरून निघताना नाही, येताना! त्याच्या घरात २,७०० च्या आसपास रेडॉन निघाला. धोक्याची रेघ ४ वर आहे.

आता यादी. बॅटऱ्या नव्या घाला, टीव्हीच्या रिमोटमधल्या काढून घालू नका. पुस्तिका वाचा (वाचणार नाही, माहीत आहे, निदान रीसेटचं पान वाचा). आणि काही यंत्रं बॅटरी काढली तरी जुना हिशेब धरून ठेवतात, तेव्हा बॅटरी बदलली म्हणजे आपोआप पाटी कोरी झाली, असं समजू नका.

एकक बघा. अमेरिकेत पिकोक्युरी प्रति लिटर, कॅनडा-युरोपात बेकरेल प्रति घनमीटर, आणि बऱ्याच यंत्रांत दोन्ही निवडता येतात. टोरोंटोच्या मावसभावानं रात्री अकराला फोन केला, ‘‘अरे, १३० दाखवतंय, घर सोडू का?’’ म्हटलं, ३७ नं भाग. साडेतीन आला. अमेरिकेची ४ ची रेघ म्हणजे १४८ बेकरेल, कॅनडाची २००, जागतिक आरोग्य संघटनेनं सुचवलेली १००. चारच्या खाली म्हणजे गंगेत घोडं न्हालं असंही नाही. दोन ते चारच्या मध्ये असाल तरी उपायाचा विचार करा असं अमेरिकी संस्थाच सांगते.

मग रीसेट. माझ्या यंत्राच्या पाठीला बारीक भोक आहे. त्यात फोनचं सिमकार्ड काढायची पिन घालायची आणि पडदा कोरा होईपर्यंत दाबून धरायची. हात लवकर काढला तर काहीच होत नाही, आणि झालं असं वाटतं. म्हणून पडद्यावर आडव्या रेघा आल्या का ते डोळ्यांनी बघा. रीसेटच्या आधी जुना आकडा वहीत उतरवा, तो परत मिळत नाही. मग कागदी चिकटपट्टीचा तुकडा घ्या, त्यावर जागा आणि तारीख लिहा आणि यंत्राच्या मागे लावा. डाळींच्या डब्यांवर लावतो तसा. आमच्या यंत्रावर आता अशा तीन पट्ट्या आहेत, दोन खोडलेल्या. फोनला जोडलेली यंत्रं तासातासाचा आलेख दाखवतात, तिथे जागा बदलल्याचा दिवस स्वच्छ कळतो. पण मोठ्या अक्षरातला आकडा सरासरीचाच असेल तर रीसेट तिथेही करा.

जागा. घरात जिथे माणसं खरोखर वावरतात त्यांतला सगळ्यात खालचा मजला. जमिनीपासून किमान २० इंच, म्हणजे हातभर आणि वर दोन बोटं. बाहेरच्या भिंतीपासून फूटभर, दारं-खिडक्यांपासून तीन फूट, आजूबाजूच्या वस्तूंपासून चार इंच. स्वयंपाकघर, बाथरूम, कपडे धुण्याची जागा नको. हीटरच्या झडपेसमोर नको, उन्हात नको, हवा कोरडी करणाऱ्या यंत्राच्या झोतात तर मुळीच नको (आमच्याकडे तेच होतं, तळघरात दुसरा सपाट कोपरा नव्हता म्हणून). बंद कपाटात, कोनाड्यात, पुस्तकांच्या मागे नको. आणि वर काही घालू नका. धूळ बसू नये म्हणून आईनं यंत्रावर क्रोशाचा रुमाल घातला होता, आणि त्यावर तिच्या गोळ्यांची डबी. ज्या जाळीतून हवा आत जायची ती बरोबर त्या रुमालाखाली. तिला काही बोललो नाही, रुमाल टीव्हीवर टाकला.

मोजणी दोन-चार दिवसांचीच असेल, म्हणजे घर विकताय किंवा घाई आहे, तर सुरुवातीच्या बारा तास आधीपासून सगळ्या दारं-खिडक्या बंद. सगळ्या, वरच्या मजल्याच्यासुद्धा. येण्या-जाण्यापुरतं दार उघडलं तर चालतं. बाहेरची हवा आत ओढणारा पंखा बंद, शोभेची शेकोटी बंद. सेंट्रल एसी किंवा हीटर नेहमीसारखा चालू द्या. मोठं वादळ, जोराचा वारा असेल त्या दिवसांत ही छोटी मोजणी करूच नका. बाबा पहाटे सहाला तळघराची खिडकी उघडून प्राणायाम करत. शुद्ध हवा हवी, हे त्यांचं म्हणणं अगदी बरोबर, पण दोन दिवसांच्या मोजणीत तास-दीड तास खिडकी उघडी राहिली तर ती मोजणी फुकट. खिडकीवर मराठीत चिठ्ठी लावा. महिन्यांची मोजणी असेल तर मात्र जसे राहता तसेच राहा, खिडक्या उघडा, मिटा, तेच मोजायचं आहे.

आता थांबा. हेच कोणाला जमत नाही. ठेवलं आणि तासाभरानं बघायला गेलात, आडव्या रेघा दिसल्या, दुकानदाराला फोन केला. यंत्र बिघडलेलं नाही. ४ पिकोक्युरी म्हणजे एका लिटर हवेत मिनिटाला रेडॉनचे जेमतेम नऊ अणू फुटणार, आणि यंत्राच्या आतली कुपी लिटरपेक्षा पुष्कळ लहान. अणू फुटताना उडणाऱ्या अल्फा कणांतले जे संवेदकावर आपटतील तेवढेच मोजले जाणार. एवढ्या थोड्या ठिपक्यांवरून आकडा काढायला दिवसभर तरी लागतो, भरवशाचा आकडा हवा तर आठवडा, आणि खरं चित्र हवं तर तीन महिने, त्यातले काही थंडीचे. पहिल्या दिवशी ८ आणि दुसऱ्या दिवशी ३ आला म्हणून ना घाबरायचं, ना पेढे वाटायचे. आणि हो, जागा बदलली की हा सगळा वेळ पुन्हा शून्यापासून. रीसेट टाळायचा मोह त्यामुळेच होतो: ‘आठ महिन्यांची माहिती कशाला वाया घालवायची?’ ती माहिती दुसऱ्या खोलीची आहे. या खोलीसाठी ती कचराच.

आकडा विचित्र वाटला तर काय बघायचं. अचानक उडी मारली असेल तर आधी हवामान. वायुदाब घसरला, मुसळधार पावसानं किंवा बर्फानं जमिनीचं तोंड बंद झालं की वायू घराकडे वळतो. ही उडी खरी असते, यंत्राची चूक नसते. दिवसेंदिवस शून्याजवळ अडकलं असेल तर बॅटरी, झाकलेली जाळी किंवा उघडी खिडकी, याच क्रमानं बघा. थंड गाडीतून आणून लगेच उबदार खोलीत लावलं तर आत दव धरतं, तासभर तसंच राहू द्या. जाळीवरची धूळ कोरड्या मऊ ब्रशनं काढा, तोंडानं फुंकू नका, ओलं कापड नको. सरासरी हळूहळू वर किंवा खाली सरकतेय आणि कधीच स्थिर होत नाही? मागची चिकटपट्टी बघा. पट्टी नाही? मग तुम्हीही माझ्यासारखेच. पिन आणा.

तरी शंका असेल तर दुकानातून हवेतला रेडॉन धरून ठेवणारी कोळशाची चाचणी-डबी आणा आणि यंत्राशेजारी चार इंचांवर ठेवा. मुदत संपली की झाकण लावून त्याच दिवशी प्रयोगशाळेला पाठवा, कारण उशीर झाला तर डबीतला रेडॉन विरत जातो. तिचा निकाल आणि यंत्राचे त्याच दिवसांचे आकडे ताडून बघा. त्याच दिवसांचे, आठ महिन्यांचे नाही! दोन्हींत थोडा फरक राहणारच.

चारच्या वर आलं तर दुसरी मोजणी, तीही वर आली तर रेडॉन काढणारा माणूस बोलवा. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात या कामाला राज्याचं प्रमाणपत्र लागतं, ते मागून बघा. फरशीखालची हवा पाइपानं ओढून छपरावर सोडणारा पंखा बसवतात. पाइपावरच्या वाकड्या पारदर्शक नळीत रंगीत द्रवाच्या दोन बाजूंच्या पातळ्या वेगळ्या दिसल्या की पंखा ओढतोय. २४ तास जाऊ द्या, मग महिन्याच्या आत पुन्हा मोजा. आणि त्याआधी रीसेट, नाहीतर पंख्याआधीचे ७ त्यात मिसळतील आणि पैसे पाण्यात गेले असं वाटेल. आमचा आकडा ०.८ वर आला. पुढे दर दोन वर्षांनी पुन्हा, तळघरात बांधकाम केलं तर लगेच.

मित्रानं ७.३ दाखवला त्या रात्रीच आई-बाबा वरच्या खोलीत आले, आम्ही हॉलमध्ये. बाथरूमला रांग लागली.

यंत्र सध्या फराळाला आलेल्या त्याच मित्राकडे आहे. सोबत पिन चिकटवून दिली होती. त्यानं ती परत पाठवली, त्याच्याकडे होती म्हणे.