पॅडेड शॉर्ट्स घेताना या चुका टाळा: ठणकतंय की काचतंय, ते आधी ओळखा

सायकल चालवून बूड दुखलं की माणूस जाड पॅडची, म्हणजे बुडाखाली फोमची गादी शिवलेली, शॉर्ट शोधायला निघतो. मीही निघालो होतो. होती त्यातली सगळ्यात जाड, वर जेल भरलेली शॉर्ट घेतली आणि पहिल्याच राइडला दोन तासांत घायकुतीला आलो. घरी येऊन पाहिलं तर दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूला लाल रेघ. पेन्सिलने गिरवावी तशी, बरोबर पॅडच्या कडेच्या आकाराची. बुडाच्या हाडांना काहीही झालेलं नव्हतं. मला काचत होतं आणि मी ठणक्यावरचं औषध घेऊन आलो होतो.

मराठीत दुखण्याला शब्द भरपूर आहेत, ते इथे कामाला येतात. हाडं ठणकतात, कातडी चरचरते, शिवण काचते आणि मुंग्या येऊन बधिर होतं ते निराळंच. चौघांची कारणं वेगळी. जाड पॅड हा त्यातल्या एकावरचा उपाय, तोही दरवेळी नाही.

आत अंडरवेअर घालणं

ही चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो, कारण दुकानात कोणी तोंड उघडून सांगत नाही. पॅडेड शॉर्ट किंवा लायनर (सैल शॉर्टच्या आत घालायची पॅडवाली घट्ट शॉर्ट) थेट अंगावर घालायचा असतो. आत काही नाही. पॅडचं पहिलं काम गादीचं नसतंच मुळी. घाम टिपायचा, आणि कातडीला चिकटून तिच्याबरोबर हलायचं, म्हणजे जी घसट व्हायची ती कापड आणि सीट यांच्यात होईल, कातडीवर होणार नाही. मध्ये सुती चड्डी आली की ती घाम धरून ठेवते, गोळा होते, आणि तिची शिवण नेमकी बसायच्या जागी येते. पॅड कितीही भारी असलं तरी अंगाला लागते ती चड्डीच. नुसतं चरचरत असेल तर खरेदीला जाण्याआधी एक राइड चड्डीशिवाय करून बघा. बऱ्याच जणांचं तेवढ्यावर भागतं.

जाडीवर भुलणं

दुकानात आपण पॅड चिमटीत दाबून बघतो. मऊ लागलं की खूश. चिमटीत मऊ लागणारा फोम शरीराचं वजन आलं की चपटा होतो आणि तासाभराने आपण कापडावरच बसलेलो असतो. जाडीपेक्षा घनता महत्त्वाची. चांगले उत्पादक ती किलो प्रति घनमीटरमध्ये देतात, 80 किंवा 120 असे आकडे दिसतील. आकडा मोठा तेवढा फोम कमी दबतो. लांब, बसून मारायच्या राइडसाठी घट्ट फोमचं बेताच्या जाडीचं पॅड बरं, आणि बुडाची हाडं टेकतात तिथेच जास्त घनता असेल तर उत्तम.

माउंटन बाइकवर आणखी एक भानगड आहे. आपण सारखे उठतो. उतारावर पेडलवर उभे, कधी बूड सीटच्या मागे, कधी सायकल खांद्यावर घेऊन चालत. जाड पॅड अशा वेळी पायांमध्ये बोळ्यासारखं येतं. दिवसभर उतारच उतार असतील तर पातळ पॅड पुरतं. लांबलचक चढ बसून चढायचे असतील, किंवा ई-बाइकमुळे उठायचे प्रसंगच कमी होत असतील, तर थोडी जाडी परवडते. जेलबद्दल माझं मत वर कळलंच असेल: गरम होतं, जड असतं, वाळायला वेळ लावतं.

पॅडचा उंचवटा कुठे आहे तेही बघा. रोडबाइकवर माणूस पुढे वाकतो, त्यामुळे त्या शॉर्टमध्ये जाडी थोडी पुढे सरकलेली असते. माउंटन बाइकवर आपण जास्त ताठ बसतो, भार मागे येतो. घरात रोडची शॉर्ट असेल तर बॅगीखाली, म्हणजे वरच्या सैल शॉर्टखाली, खुशाल घाला, पण बुडाखाली पॅड पातळ लागत असेल तर कारण हे असू शकतं. बायकांनी मापात बसते म्हणून पुरुषांची शॉर्ट घेऊ नये. बायकांसाठीचं पॅड मागे रुंद आणि पुढे वेगळ्या घडणीचं असतं. मधोमध जाड शिवण असलेलं पॅड मात्र कोणीच घेऊ नये.

आरशासमोर उभं राहून माप ठरवणं

नवी पॅडेड शॉर्ट घालून ताठ उभं राहिलं की लंगोट बांधलेल्या बाळासारखं वाटतं. मग लोक ओशाळून एक माप मोठं घेतात. इथेच फसतात. शॉर्ट शिवलेली असते ती वाकून बसलेल्या माणसासाठी, उभ्या माणसासाठी नव्हे. ट्रायल रूममध्ये खुर्चीच्या कडेवर बसा, हँडल धरल्यासारखे पुढे वाका, गुडघे आळीपाळीने वर घ्या. मग हात मागून बुडाखाली घाला. दोन टोकदार हाडं लागतील. पॅडचा सगळ्यात जाड भाग त्यांच्या खाली आहे का? नसेल तर ती शॉर्ट तुमची नाही, मग किंमत काही का असेना.

लायनर घट्ट हवा, दुसऱ्या कातडीसारखा. चिमटीत कापड सैल उचललं गेलं तर घामाने भिजल्यावर ते आणखी सैल होणार, पॅडला चुण्या पडणार, आणि ती एक चुणी तीन तास एकाच जागी घासत राहणार. माझी लाल रेघ अशीच आली होती. पॅड जाड होतं ते होतंच, वर लायनर एक माप मोठा, त्यामुळे कड प्रत्येक पेडलला मांडीवरून पुढेमागे फिरत होती. उलट बाजूने, मांडीवरची सिलिकॉनची पट्टी रुतून वर मांस फुगत असेल, किंवा वाकल्यावर कमरेचा इलॅस्टिक पोटात घुसत असेल, तर लहान होतेय. कमरेचा त्रास कुठल्याच मापात जात नसेल तर खांद्यावर पट्टे असलेला बिब लायनर वापरून बघा. लघवीला जाताना कटकट होते खरी, पण पॅड जागचं हलत नाही.

वरच्या बॅगीकडे दुर्लक्ष

सगळं लक्ष पॅडवर, आणि त्रास देते ती वरची बॅगी. उतार संपवून खाली बसताना सीटचं नाक कापडात अडकतं, अनुभव असेलच. तो दोष लायनरचा नाही, बॅगीची बैठक खाली लोंबते आहे. बॅगी उलटी करून पायांच्या मधला भाग बघा. चारही शिवणी एकाच बिंदूवर येऊन गाठ झाली असेल तर ती गाठ तुमच्या आणि सीटच्या मध्ये येणार. चांगल्या बॅगीत तिथे कापडाचा वेगळा तुकडा, म्हणजे कळी, जोडून शिवणी बाजूला नेलेल्या असतात.

नीगार्ड वापरत असाल तर ते घालूनच बॅगी घालून बघा. उभं असताना सगळं झाकलेलं दिसतं. गुडघा वाकला की बॅगी वर सरकते आणि मध्ये चार बोटं मांडी उघडी पडते. शिवाय नीगार्डची वरची पट्टी आणि लायनरची खालची पट्टी मांडीवर एकाच ठिकाणी आल्या तर दोन्ही मिळून असा वळ उठवतात की विचारू नका. लायनर थोडा आखूड घेतला की प्रश्न मिटतो.

सीटचं पाप पॅडच्या माथी

मुंग्या येत असतील, बधिर होत असेल, तर पॅड बदलून बहुधा काही होणार नाही. भार हाडांवर न येता पायांमधल्या मऊ भागावर येतो आहे, आणि तिथून नसा व रक्तवाहिन्या जातात. जाड मऊ पॅडने हे कधी कधी वाढतंच, कारण हाडं फोममध्ये रुततात आणि मधला भाग वर दाबला जातो. आधी सीटचं नाक वर उचललेलं आहे का बघा. सपाट करा, तरी नाही जमलं तर नाक एक-दोन अंश खाली. सीटची उंची तपासा: पेडल मारताना कंबर डावी-उजवीकडे डोलत असेल तर सीट उंच आहे, आणि त्या डोलण्यानेच कातडीही सोलवटते.

मग रुंदी. पुठ्ठ्याच्या खोक्याचा पन्हळी तुकडा कडक स्टुलावर ठेवून त्यावर बसा, पाय थोडे वर उचला. उठल्यावर दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजा. सीट त्याहून रुंद हवी, नाहीतर हाडं कडेवरून घसरतात आणि भार मऊ भाग घेतो. एकाच बाजूला दुखत असेल तर सीट किंचित वाकडी बसली आहे का, तेही डोळ्याने बघून घ्या. बधिरपणा सायकलवरून उतरल्यावरही तासन्‌तास राहत असेल तर शॉर्टचा विषय सोडा आणि डॉक्टरकडे जा.

हाडांचं ठणकणं मात्र नव्या माणसाला, किंवा पावसाळाभर सायकल न काढलेल्याला, पहिल्या काही राइड होणारच. छोट्या राइड वाढवत नेल्या की ते बसतं. दुसऱ्याच दिवशी नवी शॉर्ट मागवू नका.

क्रीम आणि धुणं

पॅडला अजूनही शॅमी म्हणतात त्याचं मूळ शॅमॉय नावाच्या, युरोपातल्या डोंगरांतल्या शेळीच्या कुळातल्या प्राण्याच्या कातड्यात आहे. पूर्वी शॉर्टमध्ये खरं कातडं असायचं. धुतलं की ते पापडासारखं कडक व्हायचं, म्हणून त्याला क्रीम चोळायचे. आताच्या कृत्रिम पॅडला त्याची गरज नाही. क्रीम लावायचं ते कातडीसाठी, जिथे काचतं तिथे, आणि लांब राइड असेल तर. पेट्रोलियम जेली पॅडमध्ये बसते आणि धुण्यात लवकर निघत नाही, ती टाळा.

राइड संपली की शॉर्ट काढा. चहा पीत, गप्पा मारत ओल्या पॅडवर तासभर बसणं हे पुटकुळ्यांना आमंत्रण आहे, आणि त्यातली एखादी गळवावर गेली की आठवडाभर सायकल बंद. धुताना उलटी करून, 30 अंशांच्या आसपासच्या पाण्यात, साध्या साबणाने. फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याचा थर बसतो आणि पॅड घाम टिपेनासं होतं. ब्लीच नको, ड्रायरही नको. पॅड बाहेरच्या बाजूला ठेवून सावलीत, वाऱ्यावर वाळवा. वरून कोरडं लागलं तरी मध्ये दाबून बघा, फोम आत ओला असतो. लागोपाठ दोन दिवस सायकल चालवणार असाल तर एक महाग शॉर्ट घेण्यापेक्षा दोन मध्यम घ्या.

संपलेली शॉर्ट चालवत राहणं

फोम मरतो, पण दिसत नाही. चिमटीत दाबून सोडा: लगेच वर आला तर ठीक, खळगा तसाच राहिला तर गेला. बुडाचं कापड उजेडासमोर धरून बघा. पलीकडची बोटं मोजता आली तर कापड विरलंय. लायनर असेल तर वरच्या बॅगीमुळे लाज राखली जाते, पण कापड सैलावलेलं आहे आणि पॅड जागेवर धरणारं दुसरं काही नाही. फोम ठणठणीत, इलॅस्टिक मेलेलं, अशी शॉर्ट माझ्याकडे वर्षभर होती. मांडीवरची लाल रेघ परत दिसली तेव्हा टाकली.