फ्लेमिंगो बघायचेत? आधी तिथी बघा

दुर्बीण गळ्यात अडकवून रविवारी सकाळी नऊ वाजता नवी मुंबईतल्या सीवूड्सला पोहोचलो, तर अख्ख्या तलावावर एक टिटवी. संकष्टी होती, त्यामुळे पोटातही साबुदाण्यापलीकडे काही नव्हतं. बांधावर गळ टाकून बसलेल्या काकांनी मान न वळवता सांगितलं, "पानी उतरलाय, पाखरा खारीन गेली." खारीन, म्हणजे खाडीत. ठाणे खाडीचे पक्षी बघण्याची निम्मी विद्या एवढ्यात आली.

ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो आणि फ्लेमिंगो तिथे चरायला उतरतात. भरतीनं चिखल झाकला की ते उठून सीवूड्स-नेरुळच्या तलावांवर येतात, एनआरआय कॉम्प्लेक्समागे आणि डीपीएस तलावावर. म्हणजे जागा आधी ठरवून चालत नाही, पाण्याची वेळ आधी काढायची. कोकणातला जुना हिशोब त्यासाठी पुरतो: तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणून दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. साधारण सहा तास पुढे ओहोटी, म्हणजे सकाळी नऊ! माझी संकष्टी अशी वाया गेली. दशमीला हाच हिशोब साडेसातवर येतो, तेव्हा दशमी ते द्वादशीची सकाळ सीवूड्ससाठी सोन्यासारखी. हा अंदाज आहे, मिनिटांचा हिशोब नव्हे. खाडीत आतपर्यंत पाणी चढायला आणखी थोडा वेळ लागतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप हलतं, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, जेमतेम. शक्यतो उधाणाच्या जवळचे दिवस धरा, म्हणजे दशमीपेक्षा द्वादशी बरी.

हंगाम नोव्हेंबर-डिसेंबर ते मे. मी जानेवारीनंतरच जातो, तोवर थवे चांगले जमलेले असतात.

सीवूड्सला हार्बर लाइनच्या सीवूड्स-दारावे स्टेशनवर उतरून रिक्षा करायची. सकाळी ऊन पाठीवर राहतं, फोटोही बरे येतात. बांधावरच थांबा. चिखल वरून घट्ट दिसतो, पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. थवा उडवून फोटो काढणाऱ्यांना माझा सरळ विरोध आहे, ड्रोनवाल्यांना तर जास्तच. चरून आलेल्या पक्ष्याला जरा टेकू द्यावं.

फ्लेमिंगोच्या, म्हणजे आपल्या रोहितच्या, दोन जाती ओळखायला चोच पुरते. मोठ्या रोहितची फिकट गुलाबी, टोकाला काळी. छोट्या रोहितची गडद, लांबून काळपटच वाटते, आणि अंगानं तो जास्त गुलाबी. चरताना डोकं पार उलटं करून चोच पाण्यात फिरवतो आणि शेवाळ गाळून घेतो. त्या शेवाळातूनच त्याला रंग मिळतो. करडी, मळकट दिसतात ती पिल्लं. आजारी समजू नका. शेजारी लाल काड्यांसारख्या पायांवर उभा असतो तो शेकाट्या. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची असली तर झकास.

खाडी आतून बघायची असेल तर ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रावर जा. ट्रान्स-हार्बरनं ऐरोली स्टेशन, तिथून रिक्षा. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य 2015 साली जाहीर झालं आणि 2022 मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलं. इथली बोट फेरी आधी बुक करावी लागते. बोटीला पाणी लागतं, म्हणून फेऱ्यांच्या वेळा भरतीप्रमाणे रोज सरकतात. "सकाळी कधीतरी येतो" म्हणून निघालात तर रिकामे परताल.

बोट मिळाली नाही तरी कांदळवनातली लाकडी पायवाट सोडू नका. कठड्याशी पाच मिनिटं गप्प उभे राहा. आधी नुसता चिखल दिसतो. मग तिवराची श्वसनमुळं, पेन्सिली उभ्या खोचल्यासारखी. मग त्यांच्यामधून निवटी, म्हणजे चिखलातली मासोळी, सरपटत येते, डोळे डोक्यावर, पुढच्या परांवर रेलून. तिच्या पलीकडे एक नांगी भलतीच मोठी असलेला खेकडा ती नांगी वर-खाली करत असतो, कुणाला तरी बोलावल्यासारखी. मुलगी जोरात ओरडली, "बाबा, मासा चालतोय!" आणि क्षणात सगळे बिळात. पुन्हा पाच मिनिटं थांबावं लागलं.

मळखाऊ रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, पाणी, टोपी आणि डासांचं मलम घ्या. पांढरे बूट नकोत.

समुद्राची वाळू मात्र इथे कुठेच नाही, सगळा चिखल. मुलांना किल्ले बांधायचेच असतील तर नेरुळहून उरणची लोकल पकडा. जानेवारी 2024 पासून ती थेट उरणपर्यंत जाते. तिथून रिक्षानं पिरवाडीचा किनारा. तिथेही खडक आहेत, तेव्हा ओहोटीलाच जा. पाऊणपटीचा हिशोब तुम्हाला आता येतोच.