खाडीच्या चिखलात पिंजरे लावण्याआधी

चिखलातले कृमी आणि तिसऱ्यांची (शिंपल्यांची) पिल्लं खेकडे-मासे किती फस्त करतात हे मोजायचं, तर सामान जमवताना आधी अर्धे पिंजरे (दोनच भिंती, अर्धं छप्पर, भक्षक आत येऊ शकतात) धरा, मग पूर्ण (सगळीकडून जाळी, भक्षक बाहेरच). जाळीमुळे पाणी मंदावतं, बारीक गाळ बसतो, त्यासोबत खाद्यही साठतं. आत प्राणी वाढले ते राखणीमुळे की गाळामुळे, हे अर्ध्या पिंजऱ्याशिवाय कळत नाही. समुद्रजीवशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हर्नस्टाइन यांनी अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरातल्या प्रयोगात (१९७७) काही पिंजऱ्यांत निळे खेकडे मुद्दाम कोंडले, ते याचसाठी: जाळी तीच, फरक फक्त खेकड्याचा.

पूर्ण, अर्धे आणि मोकळे (जाळीच नसलेले) असे प्रत्येकी पाच, म्हणजे ५० सेंमी बाजूचे पंधरा चौकोन. अंतर तीन मीटर, जागा चिठ्ठ्या टाकून. जाळी ५ मिमी छिद्रांची, प्लॅस्टिकची. लोखंडी तार खाऱ्या पाण्यात गंजते. भिंती १५ सेंमी चिखलात, २० सेंमी वर. कमी खोल गाडल्या तर खेकडे खालून उकरून शिरतात. अर्ध्या पिंजऱ्याच्या दोन भिंती प्रवाहाला आडव्या हव्यात, नाहीतर पाणी अडतच नाही. छपरही अर्धंच ठेवा, म्हणजे पक्ष्यांना चोच घालता येईल. पिंजरा गाडताना चिखल जितका तुडवला जातो तितकाच मोकळ्या चौकोनाभोवतीही तुडवा.

काम उधाणाच्या दिवसांत ठेवा. मुंबई-कोकणात अमावास्या-पौर्णिमेला ओहोटीचं पाणी सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास सगळ्यात खाली असतं, सकाळची ओहोटी धरा. सहा आठवड्यांचा प्रयोग पावसाच्या आत संपायला हवा, कारण गोड्या पाण्यानेच प्राणी मेले तर भक्षकांचा हिशेब लागत नाही. तिसऱ्या काढायला येणाऱ्या बायकांना आधी भेटून जागा दाखवा. कांदळवनालगत असाल तर परवानगी हातात हवी.

दर आठवड्याला ब्रशने शेवाळ काढा, अर्ध्या पिंजऱ्यांचंही. छिद्रातून शिरलेलं खेकड्याचं पिल्लू आत मोठं होऊन सगळं खातं, तेव्हा प्रत्येक फेरीला आत शोधा आणि सापडलेल्यांची नोंद ठेवा. प्रवाहातला फरक पाहायला एकाच घाण्यातले, वाळवून तोललेले प्लास्टर ऑफ पॅरिसचे ठोकळे प्रत्येक चौकोनात ठेवा. जिथे पाणी जोरात, तिथे ठोकळा जास्त झिजतो.

नमुन्यासाठी १० सेंमी व्यासाची पीव्हीसी नळी, १५ सेंमी खोल, चौकोनाच्या मधोमध. कडेला जाळीचा परिणाम जास्त असतो. सुरुवातीचे नमुने मात्र चौकोनांबाहेरून घ्या. गाळाच्या कणांसाठी वेगळी छोटी नळी, तीही पंधरा ठिकाणी. चाळणी ०.५ मिमीची. प्राणी टिकवायला बोरॅक्स घातलेलं ५ टक्के फॉर्मॅलिन वापरा. बोरॅक्स नसेल तर शिंपले विरघळतात. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाका, झाकणावरची शाई पुसली जाते.