फेस येतोय? रेग्युलेटरला हात लावू नका

बांदा-सावंतवाडीकडची पोरं गोव्यात बारच्या कामाला लागली की पहिल्या आठवड्यात हमखास एक तक्रार घेऊन येतात: "दादा, बिअरच्या टॅपमधून नुसतो फेस येता." तोवर गडी रेग्युलेटर (गॅसचं प्रेशर कमी-जास्त करणारी चावी) पिळून मोकळा झालेला असतो. म्हापशाकडे बार सांभाळताना मी नव्यांना आधी थर्मामीटर देतो.

बिअर 3 ते 4 अंशांवर हवी. ती गरम झाली की आतला गॅस सुटतो आणि फेस होतो. कूलरवरचा आकडा हवेचा असतो; त्यावर जाऊ नका, दुसरा ग्लास भरून त्यातच थर्मामीटर बुडवा. मे महिन्यात टेम्पोतून उतरवलेला 50 लिटरचा केग (बिअरचं पिंप) आतपर्यंत गार व्हायला दिवसभर घेतो. गर्दी आहे म्हणून मॅनेजर लगेच जोडायला सांगेल. जोडलात तर अर्धी बिअर मोरीत जाईल.

पहिलाच ग्लास फेसाळ आणि पुढचे ठीक, तर टॉवर (टॅप बसवलेला काउंटरवरचा खांब) तापलाय. सगळेच फेसाळ, तर केग गरम आहे किंवा प्रेशर चुकलंय. इथे नवे फसतात. फेस आला म्हणून प्रेशर कमी करतात, पण कमी प्रेशरला गॅस केगपासून टॅपपर्यंतच्या नळीत, म्हणजे लाइनमध्येच, सुटतो आणि फेस वाढतो. नळीत बुडबुडे पळताना दिसले तर हेच झालंय. लाइन छोटी असेल तर साधारण 10 ते 14 पीएसआय (प्रेशरचं माप) पुरतात. पावसाळ्यात लाइट जातेच, तेव्हा कूलर जनरेटरवर आहे का ते कामावर रुजू होतानाच विचारा.

टॅप एका झटक्यात पूर्ण उघडा; अर्धवट उघडला की फेस आलाच.

उलट फेस टिकतच नसेल, तर ग्लास बघा. बांगडा फ्रायच्या प्लेटांबरोबर धुतलेल्या ग्लासला तेल राहतंच. ओल्या ग्लासात मीठ भुरभुरा: जिथे चिकटत नाही तिथे तेलकटपणा आहे.

आंबूस वास आला तर लाइन घाण आहे. दर दोन आठवड्यांनी कॉस्टिकने (तीव्र क्षारी रसायनाने) धुवायची, हातमोजे-चष्मा घालूनच, आणि नंतर भरपूर साधं पाणी सोडायचं. गिऱ्हाईक तक्रार करत नाही, गुपचूप बाटली मागवतं.

केगला प्रेशर देणारा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर बदललात की जोडावर साबणाचं पाणी लावून गळती तपासा. बंद कोल्डरूममध्ये साठलेला कार्बन डायऑक्साइड जीव घेतो. आत डोकं जड वाटलं, धाप लागली, तर केग तिथेच सोडून बाहेर या.