दोघींची भिशी आणि बुधवारचं जेवण

मुंबईतल्या उत्तम रेस्टॉरंटमध्ये जेवायचं असेल तर दुपारी जा, हे मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगते. स्वयंपाकघर तेच, आचारी तेच, अदबीने वाढणारी माणसंही तीच. फरक इतकाच, की रात्री टेबल मिळायची मारामार आणि दुपारी, त्यातून आठवड्याच्या मधल्या वारी, निम्मा हॉल मोकळा. जागेचं भाडं आणि पगार काही दुपारपुरते थांबत नाहीत. म्हणून अशी कितीतरी ठिकाणं सोमवार ते शुक्रवार ‘सेट लंच’ किंवा ‘बिझनेस लंच’ ठेवतात : एक स्टार्टर, एक मुख्य पदार्थ, एक गोड, आणि किंमत ठरलेली. सोय असते ऑफिसवाल्यांसाठी, पण ठाण्याहून लोकलने येणाऱ्या दोन मैत्रिणींना कोणी नाही म्हणत नाही.

एक गोष्ट मात्र पक्की करा. पैशाचं सगळं बोलणं घरीच उरकायचं. मेनूकार्डाची उजवी बाजू वाचत बसलं, की समोरच्या मैत्रिणीचं अर्धं बोलणं कानावरून जातं. आम्ही दोघींनी त्यासाठी भिशी काढली आहे. दोघींचीच. दर महिन्याला प्रत्येकीचे ५०० रुपये एका पाकिटात. तीन महिन्यांत ३,००० जमतात आणि ते जेवणाचेच असतात. त्यातून ना भाजी येते, ना विजेचं बिल भरलं जातं. कोणाचा पगार जास्त, कोणाची पेन्शन कमी, हा प्रश्नच उरत नाही. ‘अगं, या वेळी मी देते’ ही बिलाच्या वेळची ओढाताणही थांबते.

मग वार. कालनिर्णय समोर घेऊन बसा. माझ्या मैत्रिणीचा गुरुवार दत्ताचा, संकष्टी ती मोडत नाही आणि मंगळवारी मी स्वतः मासे खात नाही. राहिलेल्या वारांत बुधवार बरा, कारण शुक्रवारी ऑफिसांच्या पार्ट्या असतात. मासे खायचे असतील तर जून-जुलैत जाऊ नका. त्या दिवसांत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. पुढे श्रावण लागतो. नारळी पौर्णिमा होऊन होड्या समुद्रात गेल्या, की मग ताज्या माशांची चैन करावी.

वार ठरला की फोन. दुपारी एकला करू नका, तेव्हा तिथे धांदल असते. सकाळी साडेअकराच्या सुमाराला करा आणि न संकोचता विचारा : सेट लंच कोणत्या वारी असतं? किंमत कर धरून की वगळून? सर्व्हिस चार्ज लावता का? एकीला शाकाहारी आणि एकीला मांसाहारी चालेल का? शेवटची ऑर्डर किती वाजता घेता? हे विचारण्यात लाज कसली? टेबल राखून ठेवणाऱ्या माणसाचं ते कामच आहे आणि बहुतेक ठिकाणी फार नीट उत्तरं मिळतात. फोनवरच सांगून ठेवा, ‘खिडकीजवळचं किंवा कोपऱ्यातलं टेबल द्या, आम्हाला बोलायचं आहे.’

आता हिशेब, कारण छापलेली किंमत आणि बिलाची रक्कम यांत अंतर असतं. सेट लंच १,२०० रुपयांचं धरू. साध्या, म्हणजे मोठ्या हॉटेलात नसलेल्या, रेस्टॉरंटमध्ये ५ टक्के जीएसटी लागतो : १,२६०. दोघींचे २,५२०. भिशीत बसलं, वर टिपेलाही उरले. पण ज्या हॉटेलातल्या खोल्यांचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये कर १८ टक्के. तेच जेवण १,४१६ ला पडतं. १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला, तर कर त्या वाढीव रकमेवरही बसतो आणि आकडा १,५५० च्या पुढे जातो. म्हणून पंचतारांकित हॉटेलापेक्षा फोर्ट, काळा घोडा, लोअर परळ इथली स्वतंत्र रेस्टॉरंट आमच्यासारख्यांना परवडतात.

सर्व्हिस चार्ज देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी तशा मार्गदर्शक सूचना काढल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या कायम ठेवल्या. बिलात तो दिसला तर शांतपणे ‘हा काढून द्या’ म्हणा. मात्र ज्या मुलाने दीड तास हसतमुखाने वाढलं, त्याच्या हातात रोख टीप द्या. हे मी अगदी मनापासून सांगते आहे. वाचवायचे ते पैसे त्याच्या वाट्याचे नव्हेत.

ॲपवरच्या सवलती बघा, पण सेट लंचला त्या लागू आहेत का, हे आधी विचारा. बहुतेकदा नसतात.

साडेबाराला टेबलावर असलेलं उत्तम. तीनच्या सुमाराला बरीच स्वयंपाकघरं बंद होतात; दीडला पोचलात तर गोडाच्या वेळी घाई होणार. बसल्याबरोबर विचारतील, ‘स्टिल की स्पार्कलिंग?’, म्हणजे बाटलीतलं साधं पाणी की फसफसणारं. तेव्हा ‘रेग्युलर वॉटर’ म्हणा. फिल्टरचं पाणी येतं, आणि बाटलीचे पैसे वाचतात. मॉकटेल आणि वाइन यांतच बिल फुगतं. सेट लंचमध्ये पेय असेल तर जरूर घ्या, नसेल तर जेवणानंतर एक कॉफी दोघींत पुरते.

सेट लंचमध्ये दोघींनी कधीही एकच पदार्थ मागवू नये. तीन टप्पे, दोन माणसं, म्हणजे सहा पदार्थांची चव घेता येते. मी सीकेपी, ती शाकाहारी, त्यामुळे आमचे स्टार्टर वेगळेच. पण गोड मात्र निम्मं झालं की ताटल्यांची अदलाबदल ठरलेली. घरी सहज होणारं काही मागवू नका. पनीरची भाजी घरीही होते. ज्याला दोन दिवस मुरवावं लागतं, ज्याला तंदूर लागतो, ज्याचा सॉस तासन् तास आटवलेला असतो, ते घ्या. काय घ्यावं कळेना, तर वाढणाऱ्याला विचारा, ‘तुम्हाला स्वतःला यातलं काय आवडतं?’ या प्रश्नाला तो खुलून उत्तर देतो.

सेट लंच नसलेल्या ठिकाणी टप्प्याटप्प्याने मागवा. काळा घोड्याचं ‘खैबर’ १९५८ सालचं, भिंतींवर एम. एफ. हुसेन आणि अंजोली इला मेनन यांची चित्रं आहेत, तीही जेवणाइतकीच निवांत बघावीत. अशा ठिकाणी एक कबाब, एक डाळ आणि दोन रोट्या आधी सांगा. भूक उरली तर पुढचं. सूप ‘वन बाय टू’ मागा, दोन वाट्यांत घालून आणतात. जवळच्या ‘तृष्णा’त बटर-गार्लिक खेकड्यासाठी लोक जातात. खेकडा, लॉबस्टर अशा पदार्थांपुढे किमतीऐवजी बाजारभाव लिहिलेला असेल, तर मागवण्याआधी रुपयांत आकडा विचारा. खेकडा आकाराप्रमाणे महागतो.

काटे-चमचे बाहेरच्या बाजूपासून आत वापरत जायचे, एवढं पुरे. रोटी हातानेच खावी. फोन पर्समध्ये. पहिल्या पदार्थाचा एक फोटो काढलात तर काढा, पण पुढचे पदार्थ गरम असताना खा. आचाऱ्याने ते त्याच क्षणासाठी पाठवलेले असतात.

बिल आलं की ओळन् ओळ वाचा, न मागवलेलं काही लागलं नाही ना ते पाहा, आणि पाकीट उघडा.

पोट जड असताना लगेच गाडीत चढू नका. काळा घोड्याला जेवलात तर जहांगीर आर्ट गॅलरी तिथून चालत दोन-चार मिनिटांवर, प्रवेश मोफत, आत गारवा. राहिलेल्या गप्पा तिथल्या पायऱ्यांवर होतात, आणि पुढची भिशी कुठे फोडायची हेही तिथेच ठरतं. फक्त साडेचारच्या आत सीएसएमटी गाठा. पाचनंतरच्या फास्ट लोकलमध्ये ठाण्यापर्यंत उभं राहावं लागतं.